तीनशेला दोन टी-शर्ट महाग पडतात, भावांनो

आपला माणूस गूळ घेताना खडा तोंडात टाकून बघतो. मटण पुढच्या पायाचं की मागच्या, यावर वाद घालतो. चप्पल वाकवून तिची शिवण बघतो. आणि हाच माणूस महाद्वार रोडला टी-शर्ट घेताना दोनच गोष्टी विचारतो : रंग जातोय काय, आणि कितीला देणार?

कापड कशाचं, वजन किती, हे कोण विचारणार? टॅगवर साइज असते, एमआरपी असते. जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, बहुतेक स्वस्त मालावर नसतंच. तिथंच आपण फसतो. रोज वापरायला १८० जीएसएमचं सुती कापड पाहिजे. एल साइजचा तसला टी-शर्ट साधारण पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम भरतो. किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा की! नाहीतर आत हात घालून उजेडाकडं धरा, बोटं स्पष्ट दिसली तर ठेवा परत. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी आहे का बघा, कॉलर ताणून सोडा, जागेवर आली पाहिजे. नुसत्या मऊपणावर जाऊ नका, तो वॉशिंगनं आणता येतो.

"परवडत नाही" म्हणणाऱ्यांना माझा घरचा हिशोब सांगतो. दीडशेचा चार महिन्यांत फरशी पुसायला जातो, म्हणजे वर्षाला साडेचारशे. साडेतीनशेचा चांगला दोन वर्षं अंगावर राहतो. कुठला स्वस्त?

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्यांना जीएसटी ५ टक्के झाला म्हणून लई बॅनर लागले. हजाराच्या आतल्या कपड्याला तो आधीपासून ५ च होता. आपल्याला काय मिळालं?

१९०६ साली शाहू महाराजांनी जिथं कापडाची मिल काढली, शेजारी इचलकरंजीत माग खडखडतात, त्या जिल्ह्यात कापड ओळखायला कुणी शिकवत नाही. टी-शर्टचं होजिअरी कापड तिरुपूरहून येतं हे खरं, पण म्हणून डोळे झाकून घ्यायचं?

आता मुख्य राग. निवडणूक, वाढदिवस, गणपती, काही असलं की पुढारी फोटो छापून टी-शर्ट वाटतात. सगळे पॉलिस्टर. फुटबॉलला ते बरं, घाम लवकर वाळतो. पण फुकटचा म्हणून पोरं तोच घालून शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला जातात. मी तिथंच काम करतो म्हणून सांगतोय : ठिणगी पडली की सुती कापड जळतं, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. वरून अ‍ॅप्रन असला तरी बाही आणि गळा उघडाच असतो.

तालमी-मंडळांनी यंदा ऑर्डर देताना हे सांगावंच. फोटो पाहिजे तेवढा मोठा छापा साहेब, पण सुती कापडावर छापा.