अ‍ॅड्रिनलच्या गाठीचा रिपोर्ट कोणत्या पॅथॉलॉजिस्टने द्यावा?

“डॉक्टर, किडनीच्या वरची गाठ काढली. रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅड्रिनल कॉर्टिकल निओप्लाझम’ लिहिलंय. मग कॅन्सर आहे की नाही?” असा प्रश्न घेऊन नातेवाईक येतात, तेव्हा मी आधी विचारतो : स्लाइड कोणी पाहिली?

मोठ्या रुग्णालयांत आता पॅथॉलॉजीतही अवयवानुसार विभागणी होते आहे. अ‍ॅड्रिनल मात्र मधेच अडकते. ऑपरेशन बऱ्याचदा युरोसर्जन करतात, म्हणून नमुना मूत्रमार्गाच्या पॅथॉलॉजिस्टकडे जातो. ग्रंथी मात्र हार्मोन्सची आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२चे वर्गीकरणही तिला अंतःस्रावी ग्रंथींमध्येच ठेवते.

हा वाद कागदी नाही. कॉर्टेक्सच्या गाठीसाठी ‘वाइस स्कोअर’ वापरतात. त्यात नऊ लक्षणे सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची असतात. तीन किंवा जास्त सापडली तर कॅन्सर मानतात. पेशीविभाजने मोजणे, गाठ रक्तवाहिनीत शिरली का हे ठरवणे, हे सरावाचे काम आहे. दोन आणि तीन यांतल्या फरकावर पुढचे उपचार बदलू शकतात. फिओक्रोमोसायटोमाचे तर आणखी वेगळे. २०१७पासून अशी प्रत्येक गाठ पसरू शकते असेच धरतात. रिपोर्टमध्ये ‘साधी गाठ’ वाचून तुम्ही तपासण्या थांबवल्यात तर घात होऊ शकतो; किमान दहा वर्षे लक्ष ठेवावे लागते, शिवाय जनुकीय तपासणीबद्दलही विचारायला हवे.

माझे मत? अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ मिळाला तर उत्तम. पण पाटीपेक्षा त्या व्यक्तीने अशा किती गाठी पाहिल्या आहेत, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. किडनीचा कॅन्सर अ‍ॅड्रिनलमध्ये पसरलेला असेल, तर तो कॉर्टेक्सच्या गाठीसारखा दिसू शकतो. तिथे मूत्रमार्गाच्या तज्ज्ञाची नजर उपयोगी पडते. २०१८च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही कॅन्सरचा संशय असलेली किंवा नीट ओळखता न येणारी गाठ अ‍ॅड्रिनलच्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवायला सांगतात.

त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात. सोबत सीटी स्कॅन आणि ऑपरेशनपूर्वीचे हार्मोन्सचे रिपोर्ट जोडा. नमुन्याच्या फॉर्मवर पुष्कळदा फक्त ‘अ‍ॅड्रिनल मास’ एवढेच लिहिलेले असते (आम्हा डॉक्टरांची ही जुनी खोड), आणि तेवढ्यावर पॅथॉलॉजिस्टने अंदाज बांधायचा!