सांधा लपवावा कशासाठीं?

ज्या जोडकामांत सांधा दिसत नाहीं तेंच उत्तम, हा नियम सुताराच्या दुकानापासून चित्रपटगृहापर्यंत सर्वत्र निमूटपणें मान्य झालेला आहे. सामान्य कथापटापुरता तो आम्हांसही मान्य आहे. प्रेक्षकाचें चित्त कथेवरून ढळूं नये हाच तेथें हेतु असतो. परंतु हाच नियम हातीं घेऊन अलीकडे कांहीं पंडित हातानें कापून जोडलेल्या जुन्या प्रायोगिक चित्रपटांच्या ‘शुद्धीकरणा’स प्रवृत्त झाले आहेत. संगणकाच्या साहाय्यानें नवी प्रत काढतांना धूळ, ओरखडे आणि सांधे हीं सर्व एकाच झाडूनें लोटून दिलीं जातात. हें शुद्धीकरण नसून पाठभ्रष्टता आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सांधा म्हणजे काय तें आधीं पाहूं. फिल्मचे दोन तुकडे जोडावयाचे तर एका तुकड्याच्या कडेवरील चित्राचा लेप खरवडून काढतात, तेथें विशिष्ट द्राव लावतात आणि दुसरा तुकडा त्यावर दाबून धरतात. द्रावानें फिल्मचा पाया विरघळून दोन्ही तुकडे एकजीव होतात. मात्र एकावर एक आलेल्या भागाची आडवी रेघ मागें उरते. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर दोन चौकटींमध्यें जागा जवळजवळ नसल्यामुळें ही रेघ चित्रांत शिरते व पडद्यावर क्षणभर चमकून जाते. ती टाळण्याची युक्ति जुनीच आहे. विषम क्रमांकाचीं दृश्यें एका गुंडाळीवर व सम क्रमांकाचीं दुसरीवर घ्यावयाचीं, मोकळ्या जागीं काळी फिल्म जोडावयाची आणि दोन्ही गुंडाळ्या एकाच कोऱ्या फिल्मवर पाठोपाठ छापावयाच्या. मग सांध्याची रेघ काळ्या भागांत बुडून जाते.

आतां आमचे प्रतिपक्षी म्हणतात कीं, सांधा दिसला म्हणजे कारागीर कच्चा. त्यांनीं अमेरिकेच्या स्टॅन ब्रॅकेजकडे पाहावें. १९६१ ते १९६४ या काळांत त्यानें केलेल्या ‘डॉग स्टार मॅन’च्या शेवटच्या भागांत चार गुंडाळ्यांवरील प्रतिमा एकमेकींत मिसळल्या आहेत. ज्यास चार गुंडाळ्या सांभाळतां येतात त्यास दोहोंनीं सांधा झांकतां येत नव्हता, असें कोण म्हणेल? त्याच ब्रॅकेजचा १९६३ चा ‘मॉथलाइट’ तर कॅमेऱ्यावांचूनच झाला. पतंगांचे पंख, पाकळ्या आणि गवताचीं पातीं त्यानें दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्यें दाबलीं व ती पट्टी छापून घेतली. फिल्मचे तुकडे जोडावयाची जी पट्टी, तीच येथें चित्रपट झाली. यांतून जोडकामाची खूण पुसावयाची म्हटलें तर उरेल काय?

ब्रूस कॉनरनें १९५८ सालीं ‘अ मूव्ही’ केला तो बातमीपटांचे आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडून. ‘समाप्त’ची पाटीसुद्धां त्यानें आरंभींच दाखविली. हे तुकडे परक्या हातचे आहेत, हें कळण्यांतच त्याचा सारा उपहास आहे. ऑस्ट्रियाच्या पीटर कुबेल्काच्या १९६० च्या ‘आर्नुल्फ रायनर’मध्यें केवळ कोऱ्या आणि काळ्या चौकटी आहेत. सेकंदास २४ चौकटी धांवतात. त्यांतली एक कमीजास्त झाली तरी ताल बिघडावा. एका चौकटीपुरता येणारा प्रकाशाचा झोत दोष समजून गाळणाऱ्या यंत्राच्या हातीं असा चित्रपट द्यावा काय?

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेचा खर्च परवडत नव्हता म्हणून सांधे उघडे राहिले. तो दारिद्र्याचा डाग आहे, कलेचा अलंकार नव्हे. कित्येकांच्या बाबतींत हें खरेंही असेल. पण आमच्या घरची गोधडीही अडचणींतूनच जन्मली. तिचा धांवदोरा दिसतो म्हणून तिला कोणी फसलेलें रफू म्हणत नाहीं. वस्त्र कधीं फाटलेंच नव्हतें असा भास रफू निर्माण करतें. गोधडी मात्र, हें आजीचें लुगडें, हा आजोबांचा सदरा, असें सांगत राहते. दोहोंचा धर्म निराळा, म्हणून दोहोंची कसोटीही निराळी.

मग जुन्या प्रतीवरील प्रत्येक रेघ पवित्र मानावयाची काय? मुळींच नाहीं. खेळ चालू असतां फिल्म तुटली व यंत्र चालविणारानें ती जोडली, तर तो सांधा त्या एका प्रतीवरच असतो. तो खुशाल पुसावा. परंतु कर्त्याचा सांधा मूळ फिल्मवर असल्यामुळें तिच्यापासून छापलेल्या प्रत्येक प्रतींत त्याचें छायाचित्र उतरतें. दोनतीन प्रती ताडून पाहिल्या कीं हा भेद उघड होतो. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या संशोधकास ही पद्धति नवी नाहीं. लेखनिकाची चूक आणि कवीचा शब्द एकाच बोळ्यानें पुसणारास आम्ही संपादक म्हणत नाहीं. मग चित्रपटांच्या बाबतींत त्यास उद्धारक कां म्हणावें?