मूळ प्रत जपा

बँकेच्या खातेवहीत आम्ही रोज साऱ्या खात्याची कथा लिहीत नसू. आरंभीची शिल्लक मांडायची, पुढे फक्त बदल नोंदवायचा. १९८७ साली अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या सार्नॉफ संशोधन केंद्राने जगापुढे ठेवलेल्या ‘डिजिटल व्हिडिओ इंटरॅक्टिव्ह’ तंत्राची युक्ती हीच. एक चित्र पुरते साठवायचे. पुढे काय हलले तेवढेच टिपायचे. ज्या सीडीवर मिनिटभराचे चित्रणही मावत नसे, तीवर तासाभराचे बसले. शिवाय पाहणाऱ्याला हवे तिथे थांबता, वळता येऊ लागले.

फरक एकच. आमच्याकडे पैचाही हिशेब लागे; इथे डोळ्यांना जाणवणार नाही असे मानलेले बारकावे कायमचे सोडून देतात.

१९९३ साली आलेल्या व्हिडिओ सीडीचेही तत्त्व हेच. पुढे घरच्या लग्नाची कॅसेट मी अशा सीडीवर उतरवून घेतली आणि जुनी टाकून दिली. आज तिच्यात आई अक्षता टाकताना दिसते. पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या चौकोनी ठिपक्यांत विरून गेल्या आहेत.

वाचकहो, नक्कल कितीही सोयीची असो, बँकेत मूळ दस्तऐवज जपतात. मी तेवढेही घरी पाळले नाही. तुम्ही पाळा.