विश्लेषण : गोलरक्षकाला घडवणारा प्रशिक्षक कुठून आणायचा? ब्रह्मानंद शंखवाळकरांची कारकीर्द काय सांगते?

शाळेच्या मैदानावर दोन संघ पडले की गोलमध्ये कोण उभे राहणार यावर वाद ठरलेला. ज्याला फारसे पळता येत नाही, तो शेवटी तिथे जातो. देशाला फुटबॉलमध्ये गोलरक्षक का मिळत नाहीत, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. उरलेले निम्मे गोव्यातील एका गोलरक्षकाच्या वाटचालीत सापडते.

कोण आहेत शंखवाळकर?

ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म १९५४ मधला, गाव पणजीजवळचे ताळगाव. पणवेल स्पोर्ट्स क्लबकडून सुरुवात करून ते साळगावकर संघात गेले आणि दीड दशकाहून अधिक काळ तिथेच राहिले. ऐंशीच्या दशकात ते भारताचे कर्णधारही झाले. तेव्हा भारतीय फुटबॉल म्हणजे कोलकाता, असे समीकरण होते. त्या काळात गोव्याच्या खेळाडूकडे, तेही गोलरक्षकाकडे, नेतृत्व येणे साधी गोष्ट नव्हती.

५७६ मिनिटांचा विक्रम काय आहे?

१९८२-८३ मध्ये गोवा आणि बंगाल संतोष करंडकाचे संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच हंगामात गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला १-० असे हरवून करंडक एकट्याने जिंकला. त्या स्पर्धेत शंखवाळकर यांनी ५७६ मिनिटे गोल होऊ दिला नाही. ९० मिनिटांच्या हिशेबाने हे सहा सामन्यांहून अधिक होते. पुरस्कार मात्र रेंगाळले. पीटर थंगराज यांना १९६७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर फुटबॉलमधील गोलरक्षकाला तो मिळायला १९९७ उजाडले. तो मान शंखवाळकर यांचा. पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये.

गोलरक्षक मुख्य प्रशिक्षक का होत नाहीत?

निवृत्तीनंतर शंखवाळकर यांनी भारतीय संघाच्या गोलरक्षकांना शिकवले. बहुतेक गोलरक्षकांची वाट इथपर्यंतच येते. त्यांचा सराव वेगळा चालतो, त्यामुळे त्यांना डावपेचातले काय कळणार, असा (काहीसा आळशी) समज आहे. खरे तर सगळे मैदान समोरून पाहणारा खेळाडू तोच. इटलीचे दिनो झॉफ यांनी १९८२ मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला आणि प्रशिक्षक म्हणून संघाला युरो २००० च्या अंतिम सामन्यात नेले. युक्रेनचे ओलेक्सांद्र शोव्हकोव्हस्की यांनी २००६ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये एकही गोल होऊ दिला नव्हता. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली दिनामो कीव्हने २०२४-२५ ची लीग जिंकली, तीही युद्ध सुरू असलेल्या देशात.

शिवाय हे कामच बदलले आहे. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास १९९२ पासून मनाई झाली. तेव्हापासून गोलरक्षकाला पायानेही खेळावे लागते. आता चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. हे शिकवायला त्या जागेवर उभा राहिलेला माणूस लागतो.

नंदुरबारचा संबंध काय?

१७ वर्षांखालील विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर 'मिशन वन मिलियन'मध्ये मुलांच्या पायाशी फुटबॉल आला. एका दिवसात खेळाची ओळख होते, गोलरक्षक तयार होत नाही. शालेय स्पर्धेत नंदुरबारचा संघ तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढून नाशिक विभागात जातो. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना दम कुणी शिकवावा लागत नाही, ते काम सातपुड्याचे चढ करतात. पण ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलसमोर उभ्या मुलाला बाजूला पडायचे कसे, हे दाखवावे लागते. शाळेत क्रीडाशिक्षक एकच असेल तर कबड्डी, खो-खो, धावणे सांभाळून त्याने हे कधी करायचे?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांची सुरुवात 'डी' श्रेणीपासून होते, आणि गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. जिल्ह्यातील दोन-तीन शिक्षकांनी तो केला तरी तालुक्यांत फिरून शिबिरे घेता येतील. मुरमाच्या मैदानावर एकदा कोपर सोलले की मूल पुन्हा झेप घ्यायला कचरते. त्यामुळे पहिले काही आठवडे हा सराव वाळूवर किंवा नांगरलेल्या मऊ जमिनीवर घेतलेला बरा.