पंप आहे, पण औषध पोचते का?

गेल्या महिन्यात कोकणातून एका भगिनीचे पत्र आले. मुलगी १९ वर्षांची, लहानपणापासून बाळदमा. डॉक्टरांनी पंप दिला, चार महिने झाले, गुण नाही. आता गोळ्या सुरू कराव्यात का? शेजारच्या गावात एक जण पुडी देतो, तिने मुलीच्या मामीला दुसऱ्याच दिवशी आराम पडला, ती घ्यावी का? आणि रमजानमध्ये काय करायचे?

पत्र वाचून मला माझ्या शिक्षणाच्या दिवसांतली एक मुलगी आठवली. मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते. छातीच्या ओपीडीत आम्ही सहा विद्यार्थी आमच्या मॅडमभोवती उभे असायचो. एका सकाळी २२ वर्षांची एक मुलगी आईसोबत आली. रात्री दोन-अडीचला खोकल्याने उठून बसायची, जिना चढताना धाप लागायची, छातीत घरघर. फाइलमध्ये सहा महिन्यांत दोनदा दवाखान्यात भरती झाल्याची नोंद होती आणि जवळ दोन पंप होते.

मॅडमनी आम्हाला विचारले, "आता काय कराल?" एक जण म्हणाला, डोस वाढवू. दुसऱ्याने गोळी जोडायला सांगितले. मी सीटी स्कॅन म्हणाले आणि आपण फार हुशार आहोत असे मला वाटले. मॅडम मुलीकडे वळल्या. "बेटा, पंप कसा घेतेस ते दाखव बरं."

तिने निळा फवाऱ्याचा पंप काढला. हलवला नाही, श्वास बाहेर सोडला नाही. तोंड उघडून पंप दाबला आणि मग घाईने श्वास ओढला. निम्मा फवारा ओठांवरून बाहेर आलेला आम्हाला दिसला. दुसरा पंप कॅप्सूलचा होता. त्यातून तिने अगदी हळू, जपून श्वास घेतला. मॅडमनी पंप उघडून दाखवला. पावडर जिथल्या तिथे होती.

म्हणजे फवाऱ्याचा पंप ती कॅप्सूलच्या पंपासारखा घेत होती आणि कॅप्सूलचा फवाऱ्याच्या पंपासारखा. या दोन पंपांची रीत उलटी आहे, हे बहुतेक घरांत कोणी सांगितलेलेच नसते. फवाऱ्याच्या पंपात औषध स्वतः वेगाने बाहेर पडते, म्हणून श्वास हळू आणि खोल हवा. कॅप्सूलच्या पंपात औषध उडवायला आपल्या श्वासाशिवाय दुसरी शक्तीच नसते, म्हणून तिथे श्वास जोराने आणि झटक्यात ओढायचा. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही मी नंतर पाहिले. हसू नका, चिठ्ठीवर नुसते "सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल" लिहिले तर कोणीही गिळेल.

मग मॅडमनी टेबलाच्या खणातून सरावाचे रिकामे पंप काढले आणि आम्हा सहाही जणांना करून दाखवायला सांगितले. दोघांना बरोबर जमले. मी त्या दोघांत नव्हते.

फवाऱ्याचा पंप असा घ्यावा. टोपण काढून नीट हलवा. ताठ बसा, श्वास पूर्ण बाहेर सोडा. तोंडी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. हळू श्वास आत ओढायला सुरुवात करा आणि त्याच वेळी एकदा दाबा, ओढणे थांबवू नका. छाती भरली की दहापर्यंत मोजत श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. इतके सगळे बरोबर केले तरी औषधाचा थोडाच भाग, साधारण १० ते २० टक्के, फुफ्फुसात जातो. बाकीचे घशाला लागते. चूक केली तर हा थोडा भागही जात नाही.

म्हणून स्पेसर. पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी ही पोकळ नळी. तिच्यात औषध क्षणभर थांबते, त्यामुळे दाबणे आणि ओढणे यांची वेळ जुळवावी लागत नाही. लहान मुलांना आणि घरातल्या आजी-आजोबांना स्पेसरशिवाय पंप देऊच नये असे माझे मत आहे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळू द्या, आतून फडक्याने पुसू नका. पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटते. स्पेसर हाताशी नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी अटॅक आलेल्या मुलांवर चाचणी करून १९९९ मध्ये दाखवले की ५०० मिलिलिटरची थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून आणि फट बंद करून वापरली, तर ती बाजारातल्या स्पेसरइतकेच काम करते. अडचणीच्या वेळी हे लक्षात असावे.

आता गोळ्यांचे. दम मोकळा करणाऱ्या सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका पफमध्ये तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत ४० पफ. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुफ्फुसाला आराम मात्र उशिरा मिळतो. "पंप म्हणजे शेवटचा उपाय, तोवर गोळ्या बऱ्या" असे जे आपल्याकडे म्हटले जाते ते नेमके उलटे आहे. आणि पुडी? जिच्यावर औषधाचे नाव नाही तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाच ठाऊक. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. दुसऱ्याच दिवशी आराम पडतो तो त्याचाच. महिनोन्‌महिने घेतली तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकते. मामी बरेच दिवस पुडी घेत असतील तर त्यांनी ती एकदम सोडू नये, आधी डॉक्टरांना दाखवावी.

गंमत अशी की पुडीतल्या स्टिरॉइडला कोणी घाबरत नाही, पंपातल्या स्टिरॉइडला सगळे घाबरतात. पंपात ते मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनळीत जाते. दम्यात श्वासनळीला आतून सूज असते. निळा पंप आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो, सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा, स्टिरॉइडचा पंप. बरे वाटले की घरातले हाच आधी बंद करतात, कारण घेतल्याबरोबर काही जाणवत नाही. दम्याच्या उपचाराची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. रंगावरही फार विसंबू नका, पंपावरचे नाव डॉक्टरांकडून समजून घ्या. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करा, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येत नाही.

त्या मुलीकडे परत येते. पंप घेण्याची रीत तिला दहा मिनिटांत जमली. मग मॅडमनी विचारले, "रोज घेतेस?" मुलगी आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दोन महिन्यांनी निकाह आहे. सासरचे घरी येत-जात असतात. कोणाला दिसू नये म्हणून ती न्हाणीघरात जाऊन घेते. आणि रोज घेतला तर सवय लागेल ना?"

सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच. पण मॅडमनी ते नंतर सांगितले. आधी त्या म्हणाल्या, "निकाहनंतर रात्री दोन वाजता हिला दम लागला तर पंप कुठे असेल? उशाशी, की कपाटात कपड्यांच्या घडीखाली?" आईने ओढणीने डोळे पुसले. आम्ही सहाही जण आपापल्या वह्यांत बघत राहिलो. त्या दिवसापर्यंत दम्याच्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न आम्ही कुठे वाचला नव्हता.

सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा रात्रभर झोपत होती. निळा पंप तेवढ्या दिवसांत तिला तीनदाच लागला होता. सासरी सांगितले का, हे आम्ही विचारले नाही.

रमजानबद्दल. रोजचा पंप बहुतेक वेळा दिवसातून दोनदाच असतो, तो सेहरीला आणि इफ्तारनंतर घेता येतो. त्यामुळे ज्यांचा दमा ताब्यात आहे त्यांचे रोजे सहसा सुरळीत होतात. मात्र वेळा रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रोज्यात पंप घेतला तर रोजा राहतो की तुटतो, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या आलिमसाहेबांना तेही आधीच विचारून ठेवा. दम लागल्यावर विचारत बसू नका, तेव्हा पंप घ्यायचा. आजाऱ्याला रोज्याची कजा करण्याची सवलत आहेच. आणि मुलगी असेल त्या खोलीत जुमेरातची लोबानची धुरी नको. सुगंधी असला तरी श्वासनळीसाठी तो धूरच.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने इतके करावे. मुलीला आपल्यासमोर पंप घ्यायला सांगावे. गेल्या चार आठवड्यांत ती रात्री दम्याने उठली का, दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, निळा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, दम्यामुळे कॉलेज किंवा घरचे काम अडले का, हे लिहून काढावे. एकाचेही उत्तर हो असेल तर वही आणि दोन्ही पंप घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि एखाद्या वेळी एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. स्पेसर लावून पंप देत देतच रुग्णालय गाठावे. किती पफ, किती मिनिटांनी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावा.