पाळीखालचा ओलावा

दिवाळी आली की तिरोडा तालुक्यात धान कापणीला येते, गावोगाव मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, तारखा ठरू लागतात आणि पाऊस बरा झालेला असला तर बोदलकसा तलाव तुडुंब असतो. नागझिऱ्याकडे निघालेले पाहुणे पर्यटन महामंडळाच्या निवासात उतरतात, पाण्यापलीकडचे जंगल पाहून सुखावतात. सुखावावे जरूर. फक्त, हे पाणी अडवून धरणारी पाळ मातीची आहे, सुमारे 19 मीटर उंच आहे आणि 1917 सालची आहे, हेही त्यांना कुणी सांगावे.

मातीचे धरण जुने झाले म्हणजे कामातून गेले, असे मुळीच नाही. ते राखणीवर टिकते. पाळीवर झाड वाढले, मेले, की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळी उरते. उंदीर-घुशी बिळे पाडतात. सांडव्यात झुडपे माजली की पुराचे पाणी पाळीवरून वाहण्याची भीती. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी झिरपले तर लक्ष ठेवावे. तेच गढूळ झाले तर धावावे, कारण आतली माती निघू लागलेली असते. हे ओळखायला आधी यंत्र नव्हे, रोज पाळीवरून फिरणारा माणूस लागतो. रंगरंगोटीला निधी मिळतो, चौकीदाराची जागा भरायला मात्र मुहूर्त लागतो, हा आपला एकूण सरकारी अनुभव!

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. ते तर बोदलकशापुढे कालचे पोर. गळतीची तक्रार आधीच केली होती, असे गावकरी सांगत राहिले. चर्चा मात्र रंगली ती खेकड्यांनी धरण पोखरल्याच्या दाव्याची.

त्यानंतर धरण सुरक्षा कायदा 2021 आला. 15 मीटरहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, तसेच पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा, हे धरणाच्या मालकाचे काम ठरले. पावसाळ्यानंतरच्या तपासणीचे दिवस म्हणजे हेच, दिवाळीच्या आसपासचे. तो अहवाल कार्यालयातल्या फायलीत जाईल, जावा. पण त्याआधी त्यातल्या चार ओळी पाळीखालच्या गावांना मराठीत ऐकवाव्यात: गळती कुठे आहे, दुरुस्ती कधी होणार, रात्री पाणी सुटले तर कोणत्या वाटेने निघायचे. मंडईला सारा गाव जमतो, आणि दंडारीचा, म्हणजे लोकनाट्याचा, खेळ सुरू होईपर्यंत ध्वनिक्षेपक रिकामाच असतो.