त्साव्होचे सिंह: बळी २८ की १३५?

जुन्या शिकारकथेची पहिली आवृत्ती कशाला जपायची? उदाहरण पाहा, जे. एच. पॅटरसन यांचं 'द मॅन-ईटर्स ऑफ त्साव्हो'. १८९८मध्ये आजच्या केनियात रेल्वेपुलाचं काम सुरू असताना दोन सिंहांनी मजुरांना मारून खाल्लं. १९०७च्या पुस्तकात २८ भारतीय मजुरांचे बळी सांगितलेत. पुढे पॅटरसननीच आकडा १३५ वर नेला! २००९मध्ये शास्त्रज्ञांनी शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या या सिंहांचे केस आणि हाडं तपासली. अंदाज निघाला सुमारे ३५.

म्हणजे पहिली आवृत्ती ही नुसती शोभेची वस्तू नाही, तो पुरावा आहे. मजकूर ऑनलाइन फुकट मिळतो, तोही चालेल. फक्त साल १९०७ हवं. त्यातच लिहिलंय, आफ्रिकी बळींची अधिकृत नोंद ठेवलीच नव्हती. मला तेच जास्त खुपलं.